केळशी ते आंजर्ले किनाऱ्याने: दोघांसाठी एक दिवसाची पायवाट

दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला केळशी आणि तिथून दक्षिणेला आंजर्ले. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर जेमतेम आठ किलोमीटर भरतं. पायी मात्र पुळण (वाळूचा किनारा), डोंगर, खाडीचा वळसा आणि खडपं (किनाऱ्यावरचे खडक) धरून बारा ते चौदा किलोमीटर चाल होते. सकाळी पावणेसातला निघालेले दोघे दुपारी एकच्या सुमारास आंजर्ल्यात जेवायला बसू शकतात. अट एकच: ओहोटीची वेळ आधी बघायची आणि तारीख नंतर ठरवायची. बहुतेक लोक उलटं करतात. जोडून सुट्टी बघतात, खोली ठरवतात आणि किनाऱ्यावर आल्यावर कळतं की भर दुपारी पाणी सुरूच्या मुळांपर्यंत चढलंय.

दिवस कसा निवडायचा

कोकणात चालणारा जुना हिशोब अजूनही उपयोगी आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, म्हणजे तिथीची पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती असेल तर सवासहा तासांनी, दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. इथले लोक तिला सुकती म्हणतात. दिवसात दोन भरत्या होतात आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून तो फक्त दिवस निवडायला वापरा. प्रत्यक्ष वेळेसाठी भरती-ओहोटीच्या तक्त्यात हर्णै बंदर शोधा. तक्ता फक्त मुंबईचाच मिळाला तर इथली भरती मुंबईच्या थोडी आधी येते हे धरून चाला.

या वाटेला सर्वांत सोयीच्या तिथी म्हणजे चतुर्थी आणि पंचमी, पक्ष कुठलाही चालेल. त्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, सुकती नऊ ते दहाच्या दरम्यान पडते, म्हणजे वाटेतला खडकाळ भाग येतो तेव्हा पाणी सर्वांत खाली असतं. दुसरं, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतं आणि मग हळूहळू ओसरतं, त्यामुळे चतुर्थी-पंचमीलाही पाणी चांगलं मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा भरती फार चढत नाही, पण ओहोटीही फार उतरत नाही. वाळू ओली राहते, खडपं अर्धवट बुडलेली दिसतात आणि सुकती थेट बारानंतर येते. पौर्णिमा-अमावास्येला चांगली ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, तर पूर्ण भरती ऐन दुपारी. चालायला तो सर्वांत वाईट दिवस.

कृष्ण चतुर्थी निवडली तर ती संकष्टी असते, हे लक्षात ठेवा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला त्या दिवशी गर्दी होते आणि जेवणाच्या पंगती लांबतात. पंचमी घेतली की हा प्रश्न मिटतो.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून अकरानंतरचं ऊन सोसवत नाही. चैत्रात केळशीच्या महालक्ष्मीची यात्रा असते, तेव्हा गावात राहायला जागा मिळणं कठीण. जून ते सप्टेंबर या वाटेवर चालूच नये. लाटा उंच असतात, वहाळ (ओढे) भरून वाहतात आणि खडपांवर शेवाळ वाढतं.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच का

हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. दुपारी तो फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. केळशीहून निघालं की हा वारा पाठीवर येतो. उलट निघालात तर उरलेला अर्धा दिवस वाळूचे कण तोंडावर घ्यावे लागतात. शिवाय वाटेतल्या उटंबरच्या डोंगराची चढण सकाळच्या गारव्यात संपते. तोटा एवढाच की दुपारी सूर्य समोर येतो. पुढे छज्जा असलेली टोपी घेतली की काम भागतं. समुद्र दिवसभर उजव्या हाताला राहतो.

परतीच्या प्रवासालाही हीच दिशा सोयीची. आदल्या दिवशी दापोलीहून एसटीने केळशी गाठायची, रात्री घरगुती मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी आंजर्ल्यातून दापोलीकडे निघायचं. रेल्वेने येणाऱ्यांना खेड स्थानक जवळचं; तिथून दापोली तीसएक किलोमीटरवर आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता हे आदल्या दिवशी दापोली स्थानकातल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या. मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नका.

दोघांचं सामान

दोघं आहात म्हणून सगळं दोनदा घ्यायची गरज नाही. पाणी मात्र प्रत्येकी तीन लिटर आणि ते प्रत्येकाने आपापल्या पाठीवर घ्यायचं. एकाच्या पिशवीत सगळं पाणी ठेवलं की दुसरा संकोचाने कमी पितो आणि अकरा वाजता त्याचं डोकं दुखायला लागतं. प्रथमोपचाराचं सामान एकाकडे, टॉर्च आणि दोरी दुसऱ्याकडे. टॉर्च दिवसाच्या चालीलाही हवा; पाय मुरगळला तर बारा किलोमीटर संपायला अंधार पडतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो.

फोन दोघांकडे असले तरी एकाचा बंद ठेवा. उटंबरच्या पायथ्याला आणि डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जातं आणि फोन ते शोधत बॅटरी खातो. नकाशा आणि भरतीचा तक्ता यांचे फोटो आधीच काढून ठेवा.

प्रत्येकी एक काठी घ्या: सरळ बांबू, छातीइतका उंच. ट्रेकिंगच्या घडीच्या काठीत वाळू जाते आणि तिचं फिरकीचं कुलूप अडकतं. पायात जाळीचे जुने स्पोर्ट्स शूज किंवा टाचेला पट्टा असलेल्या सँडल. साध्या चपला नकोत. ओल्या खडपावर पाय चपलेतून पुढे सरकतो आणि अंगठा खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) धारेवर जातो. वाळूचे दोन तास अनवाणी चालायची हौस सगळ्यांनाच असते. सवय नसेल तर अर्ध्या तासावर नेऊ नका. पाण्याने मऊ झालेली कातडी पुढे कातळाच्या रस्त्यावर फोडाला लवकर येते. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि उटंबर चढण्याआधी पाय पुसून तो घाला. या दिवसातलं सर्वांत फायद्याचं पाच मिनिटांचं काम हेच.

खाण्यात तांदळाची भाकरी, कोरडी चटणी, केळी, काकडी, शेंगदाण्याची चिक्की. घामाने मीठ जातं, म्हणून दोघांच्या मिळून एका लिटर बाटलीत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून न्या. त्यात कोकम आगळ घालणार असाल तर मीठ वगळा, आगळात ते असतंच. अमृत कोकम घालणार असाल तर साखर कमी करा.

केळशीची पुळण

पावणेसातला निघा. गावातून समुद्राकडे जाणाऱ्या पाखाड्या (दगडी पायवाटा) दोन्ही बाजूंनी गडगे (दगडी बांध) असलेल्या वाड्यांमधून जातात. कुंपणाला बेडं (आडव्या बांबूंचं फाटक) लावलेलं असेल तर ती कुणाची तरी खासगी वाट आहे. हाक मारून विचारा. किनाऱ्याच्या उत्तरेला भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या थरांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केला आहे. बघायची असेल तर आदल्या संध्याकाळी बघा, सकाळी तिकडे गेलात तर दोन-तीन किलोमीटर उलटे पडतात. तिच्या उतारावर चढू नका, वाळू ढासळते.

पुळणीवर कुठे चालायचं याला पद्धत आहे. वर कोरडी वाळू पायाखाली सरकते; तिथे ताशी अडीच किलोमीटर झाले तरी पिंढऱ्या भरून येतात. अगदी लाटेच्या कडेला वाळू पाण्याने फुगलेली असते आणि टाच रुतते. या दोहोंच्या मधला, लाट नुकतीच सोडून गेलेला पट्टा घट्ट असतो. त्यावर ताशी चार किलोमीटर सहज होतात. पाऊल टाकल्यावर भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकी दिसली तर तो पट्टा बरोबर आहे. ठसा पाण्याने भरला तर थोडं वर सरका.

भरतीच्या वेळी तिरक्या उतारावरून चालावं लागतं. दक्षिणेकडे जाताना उजवा पाय सतत खाली पडतो आणि तासाभरात कंबर एका बाजूने धरते. ओहोटीला खालचा सपाट भाग उघडा पडतो आणि हा त्रास राहत नाही.

नोव्हेंबर ते मार्च या भागातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. वाळूत समुद्रापासून वर गेलेली आणि पुन्हा खाली आलेली रुंद, दोन्हीकडे वल्ह्यांच्या खुणा असलेली माग दिसली तर तिच्यावरून चालू नका, उकरू नका, गावातल्या कासवमित्रांना कळवा. जाळीच्या कुंपणात हलवलेली घरटी असतात, त्यांच्या आत जायचं नाही.

उटंबर: खालून वळसा घालायचा नाही

पुळण दक्षिणेला उटंबरच्या डोंगराशी संपते. ओहोटीला डोंगराच्या पायथ्याशी खडपांचा उघडा पडलेला पट्टा दिसतो आणि तिथूनच वळसा घालून पलीकडच्या आडे गावात उतरू असं वाटतं. या वाटेवर माणसं अडकायची जागा असेल तर हीच. पुढे काय आहे ते वळणामागे दडलेलं असतं, वर चढायला वाट नसते आणि परत फिरायला लागणारा वेळ भरतीच्या हिशोबात धरलेला नसतो.

भरती एका वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. समजा त्या दिवशी पाणी तीन मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते पंचवीस सेंटीमीटरच चढतं आणि ‘काही वाढत नाहीये’ असं वाटतं. तिसऱ्या तासात तेच पाणी पाऊण मीटर चढतं. सपाट पुळणीवर एवढं पाणी तीसएक मीटर आत येतं, आणि खडपांच्या मधल्या घळीत ते मागच्या बाजूने आधी भरतं. पुढे कोरडं दिसत असताना परतीची वाट बंद होते ती अशी.

म्हणून केळशीतून उटंबरवरून आड्याकडे जाणारा रस्ता धरा. तो डोंगरावरून जातो आणि चढ चांगला दमवतो. रमतगमत चढलं-उतरलं तर दीड तास ठेवा. वर कातळाचा सडा आहे, सावली कमी आहे, दृश्य मात्र दोन्ही बाजूंचं. पहिला पाव लिटर पाण्याचा घोट इथे, तहान लागलेली नसली तरी.

आडे, खाडी आणि पाडले

उतरल्यावर आडे. भार्गवरामाचं देऊळ याच गावात. बसायला सावली आहे, पायातली वाळू झाडून घ्या. आड्याची खाडी मुखाशी अरुंद आणि उथळ दिसते, ओहोटीला तर जेमतेम गुडघाभर. तरी मुखातून ओलांडू नका. खाडीचा तळ वाळूचा नाही, चिखलाचा आहे, आणि ओहोटीचं पाणी नेमकं मुखाशी जोराने ओढतं. रस्त्याने आत वळून पुलावरून जा. वळशात फार तर अर्धा तास जातो.

चिखलात पाय गेलाच तर पाय उपसायला जोर लावू नका. जितका जोर लावाल तितका दुसरा पाय खाली जातो. मागे बसा, वजन पसरवा, पाय हलवत-हलवत सैल करा. दुसऱ्याने जवळ यायचं नाही. घट्ट जमिनीवर पोटावर आडवं होऊन काठी पुढे करायची. दोघं एकदम रुतले तर मदतीला कुणीच उरत नाही. दोघांनी एकमेकांपासून तीन-चार मीटरचं अंतर ठेवायचं ते यासाठीच, खाडीकाठी आणि खडपांवर दोन्हीकडे.

पुळणीवर वाहणारे छोटे वहाळ ही वेगळी गोष्ट. ते पायी ओलांडता येतात. जिथे वहाळ अरुंद दिसतो तिथे तो खोल असतो. समुद्राजवळ पंख्यासारखा पसरतो तिथून, काठीने तळ चाचपत आणि पावलं न उचलता घसटत जा. घसटलं की वाळूत दडलेलं पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) आधीच दूर सरकतं. पाय थेट त्याच्यावर पडला तर शेपटीचा काटा घोट्यात बसतो. तसं झालंच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. काटा खोल घुसलेला असेल तर उपटू नका. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी किंवा वाळू चोळू नका.

पाडल्याला रस्ता समुद्राला अगदी लागून जातो. दहाच्या सुमारास इथे पोचलात तर रस्ता सोडून खाली खडपांवर उतरता येतं, आणि उतरावंच. डबक्यांत खेकडे, शंख, कधी समुद्रफूल दिसतं. काळा, खरखरीत दगड पायाला पकड देतो. हिरवा किंवा तपकिरी, चकाकणारा दगड घसरवतो. तीन टेकू ठेवून चाला: दोन पाय आणि काठी, किंवा दोन पाय आणि हात. इथे वेग ताशी दीड किलोमीटर धरा आणि सुकतीनंतर तासाभरात रस्त्यावर परत या. कालवांचं कापलं तर जखम लहान दिसते पण चिघळते. पिण्याच्या पाण्याने लगेच धुवा, आतली पूड काढा, जंतुनाशक लावून पट्टी बांधा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर ते त्याच दिवशी घ्या.

सोबत्याशी आधी बोलायच्या गोष्टी

लाटांच्या आवाजात दहा मीटरवरची हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा. काठी आडवी धरली म्हणजे थांब. काठी डोक्यावर उभी म्हणजे माझ्याकडे ये. दोन पुरतात, पाच ठरवल्या तर वेळेवर एकही आठवत नाही.

हळू चालणारा पुढे असू द्या. वेगवान माणूस पुढे गेला की तो थांबून विसावतो आणि मागचा पोचताच उठून चालायला लागतो. विश्रांती फक्त त्यालाच मिळते.

परत फिरायची वेळ निघण्याआधी घड्याळात ठरवा. साडेनऊपर्यंत आड्याच्या पुलावर पोचलो नाही तर खडपं सोडायची आणि रस्त्याने आंजर्ल्याला जायचं. ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणणाऱ्या दोघांपैकी एक नेहमी उत्साही असतो आणि दुसरा भिडस्त. दोघांपैकी कुणीही एकदा ‘नको’ म्हटलं की नको, त्यावर चर्चा नाही. या वाटेची चांगली बाजू अशी की आडे आणि पाडले दोन्हीकडे रस्ता हाताशी आहे, चाल सोडायला कुठेही उशीर होत नाही.

गावकऱ्यांना विचारतानाही नेमकं विचारा. ‘काका, पुढे वाट आहे का?’ याला उत्तर ‘आहे की’ असंच येणार, कारण त्यांच्यासाठी ती आहेच. त्याऐवजी ‘आज सुकती किती वाजता?’ आणि ‘आम्ही अकरा वाजता खडपांवरून गेलो तर पाणी लागेल का?’ असं विचारा. अंतराच्या बाबतीत ‘इथेच आहे’ हे उत्तर ऐकून घ्यावं आणि आपल्या हिशोबाने चालावं.

अडचणीत ११२ हा सर्वसाधारण क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४. नेटवर्क नसेल तर किनाऱ्यावर न थांबता रस्त्याकडे चढा.

आंजर्ले

पाडल्यापुढे आंजर्ल्याला लागून मुर्डी येतं. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले र. पु. परांजपे इथले. मग सुरूची रांग आणि आंजर्ल्याची लांब, रुंद पुळण. दूर दक्षिणेला समुद्रात सुवर्णदुर्गाचा तट दिसायला लागतो. या पुळणीवर गाड्या येतात, आणि पाठीवर वारा असल्याने मागून येणाऱ्या गाडीचा आवाज लाटांत विरतो. दोघं एकामागे एक चाला.

जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. घरगुती खानावळीत ताटं मोजूनच स्वयंपाक होतो. आयत्या वेळी दोघं जण आले तर ‘नाही’ म्हणणं त्यांनाही जड जातं आणि मग घरच्यांच्या वाटणीतलं ताटात येतं. फोन करताना शाकाहारी की मासे, किती माणसं आणि साधारण वेळ, तिन्ही सांगा. उशीर होणार असेल तर आड्याहून कळवा.

दुपारी चारच्या सुमारास पूर्ण भरती येते, तेव्हा पुळणीवर न फिरता कड्यावरच्या गणपतीला जा. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. वरून खाडी, हर्णै आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात. गावातून पायऱ्यांची पाखाडी आहे, रस्त्यानेही जाता येतं. पिंढऱ्या भरल्या असतील तर पायऱ्या चढताना नाही, उतरताना त्रास देतात. चढताना पाखाडी आणि उतरताना रस्ता घ्या.

पायात अजून जोर असेल तर जोग नदीच्या खाडीवरच्या पुलावरून पाजपंढरीमार्गे हर्णैला जाता येतं. पूर्वी इथे तरीने, म्हणजे होडीने, पलीकडे जावं लागे. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. बघायला उभं राहिलात तर टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नका, आणि किलो-दोन किलो घ्यायची असेल तर बोली लावण्याऐवजी लिलावातून माल उचलून बाजूला विकायला बसलेल्या मावश्यांकडून घ्या. हर्णैहून दापोली सोळाएक किलोमीटर. आंजर्ल्यापेक्षा इथून गाड्या जास्त मिळतात.